तुझ्यासारखी जिद्द

2025च्या मे महिन्यात मिरजेला आमच्या मामेभावाचं लग्न होतं. हळदीच्या रात्री सगळे खाली नाचत होते आणि मी आणि माझी मावसबहीण गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून बसलो होतो. ती वीस वर्षांची, सांगलीत बी.कॉम.ला. मोबाइलवर काहीतरी स्क्रोल करता करता ती सहज म्हणाली, "दादा, तुझं डाएट मी चार महिने केलं. अगदी तू सांगितलंस तसं. सहा किलो उतरले, मग आठ चढले. माझ्यात तुझ्यासारखी जिद्दच नाही."

मी म्हणालो, "असं नसतं गं. कन्सिस्टन्सी ठेवायची."

खाली डीजे जोरात होता, म्हणून पुढे काही बोलावं लागलं नाही.

मी डाएट करून बारीक झालेलो नाही. नोव्हेंबर 2023मध्ये पुण्यातल्या एका हॉस्पिटलात माझ्या जठराचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग कापून काढला. ऑपरेशनचं नाव स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. तेव्हा मी 126 किलोचा होतो, आता 82चा आहे. हे आई, बाबा, डॉक्टर आणि इन्शुरन्स कंपनी सोडून कोणालाच माहीत नव्हतं. बाकी सगळ्यांच्या लेखी मी मनावर घेऊन वजन उतरवलेला मुलगा होतो.

जाड माणसाला सल्ल्यांची कमतरता कधी पडत नाही. शाळेत मी 'जाड्या' होतो, कॉलेजात 'भाई' (हे प्रमोशन होतं), आणि नोकरी लागल्यावर 'आता जरा मनावर घे' असं ज्याला कोणीही, अगदी लिफ्टमध्येसुद्धा, सांगू शकतं असा माणूस झालो. दिवसातून दोनदाच जेवायचं की दर दोन तासांनी थोडं थोडं खायचं, यावरून आमच्या फॅमिली ग्रुपचे दोन तट पडले होते. मी दोन्ही केलं. गरम पाणी, मेथीचे दाणे, जिमची वर्षाची मेंबरशिप, बाणेर टेकडी, सगळं झालं. 2019मध्ये चौदा किलो उतरवले. तेव्हाचे फोटो आहेत, खूप लाइक्स आहेत. दीड वर्षात एकोणीस परत आले. त्याचे फोटो नाहीत.

नंतर वाचताना कळलं की ही काही माझीच गोष्ट नव्हती. अमेरिकेत वजन उतरवण्याच्या स्पर्धेचा एक गाजलेला टीव्ही शो होता. केविन हॉल या संशोधकाच्या गटानं त्यातल्या चौदा स्पर्धकांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं आणि 2016मध्ये निष्कर्ष छापले. बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलं होतं. पण विश्रांतीत शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं, ती मात्र त्यांच्या आकाराच्या माणसाकडून अपेक्षित असते त्यापेक्षा दिवसाला सुमारे 500 कॅलरींनी कमीच राहिली होती. म्हणजे सहा वर्षांनंतरही शरीर काटकसरीतच होतं. हे मला 2019मध्ये कोणी सांगितलं असतं तर मी वजन उतरवलं असतं की नाही माहीत नाही, पण परत चढल्यावर स्वतःला एवढ्या शिव्या दिल्या नसत्या.

भुकेबद्दल थोडं सांगतो, कारण ती सगळ्यांना सारखीच लागते असं आपण धरून चालतो. माझी भूक आवाजासारखी होती. शेजारच्या फ्लॅटमध्ये कोणीतरी दिवसभर टीव्ही लावून ठेवावा तशी. सकाळची स्टँडअप मीटिंग चालू असायची, मी नीट उत्तरंही द्यायचो, पण मागे सतत: कँटीनमध्ये आज काय असेल, बॅगेत बिस्किटाचा पुडा उरलाय का, घरी जाताना कोपऱ्यावरचा वडापाव. जेवण झाल्यावर आवाज थोडा वेळ कमी व्हायचा, बंद व्हायचा नाही. मला वाटायचं सगळ्यांच्याच डोक्यात हे चालू असतं आणि बाकीचे लोक ते ऐकून न ऐकल्यासारखं करतात. तेवढी ताकद त्यांच्यात आहे, माझ्यात नाही.

ऑपरेशनपर्यंत मला भूक नाही, झोप घेऊन गेली. स्लीप ॲप्निया. झोपेत श्वास अडकायचा. फ्लॅटमेटनं एका रात्री रेकॉर्ड करून ऐकवलं. घोरणं मध्येच थांबतं, मग वीसेक सेकंद काहीच नाही, मग बुडणारा माणूस वर यावा तसा आवाज. शुगरही वाढलेली होती. डॉक्टरांनी बीएमआय काढला, 43. आपल्याकडच्या आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींनुसार वजनाच्या ऑपरेशनचा दावा मंजूर होण्यासाठी तो 40 किंवा जास्त लागतो, गंभीर सहव्याधी असेल तर 35. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या परीक्षेत माझं वजन पासिंगच्या वर होतं.

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे जवळजवळ फक्त प्रोटीन शेक. यकृत आक्रसावं, सर्जनला जागा मिळावी म्हणून. संमतीपत्रावर धोक्यांची यादी होती. शेवटचा शब्द वाचून आईनं पेन खाली ठेवलं आणि बाहेर जाऊन आली. पोटाला पाच छोटी भोकं, आत कॅमेरा, आणि जठराच्या बाहेरच्या फुगीर बाजूनं स्टेपलर मारत एक केळ्याएवढी नळी ठेवून बाकीचं काढून टाकतात. शुद्धीवर आल्यावर सगळ्यात जास्त काय दुखलं असेल तर खांदा. पोट फुगवायला आत गॅस सोडलेला असतो, त्याची कळ खांद्यात जाते. त्याच संध्याकाळी सलाइनचा स्टँड धरून कॉरिडॉरमध्ये चाललो. पुढे दोन आठवडे पातळ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ. पाणी घोट घोट. चौथ्या महिन्यात केस मुठीनं गळले, नंतर आले. बी-12, लोह, कॅल्शियम जन्मभर.

पण मला सांगायचंय ते चौथ्या आठवड्याबद्दल. अवकाळी पाऊस आला आणि बाबांना लहर आली म्हणून आईनं कांदाभजी केली. मला वाईट वाटू नये म्हणून दार लावून. वास तर आलाच. मी सोफ्यावर बसून वाट पाहत होतो, की आता तो आवाज सुरू होईल. तो झाला नाही. भजी हा पदार्थ आहे, त्याला वास आहे, छान वास आहे. संपलं. मी उठून दार उघडलं आणि त्यांच्याबरोबर जाऊन बसलो. आई माझ्याकडे बघत होती. मी रडलो का, हे तिला वाटलं त्या कारणानं नाही. मला पहिल्यांदा कळलं की बाकीचे लोक असे जगतात. त्यांनी आवाज दाबलेला नसतो. त्यांच्याकडे टीव्हीच लहान असतो.

याचं कारण पुस्तकात आहे. ग्रेलिन नावाचं एक संप्रेरक आहे, 1999मध्ये जपानमध्ये कोजिमा आणि कंगावा यांच्या गटानं शोधलेलं. भूक जागी करण्यात त्याचा हात असतो आणि ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं. माझ्या ऑपरेशनमध्ये नेमका तोच भाग जातो. संप्रेरकांचा पसारा एवढा सोपा नाही, आतड्यातलीही काही बदलतात. पण माझ्यापुरता हिशेब असा: ज्याला मी सव्वीस वर्षं स्वभाव समजत होतो, त्याचा बराच भाग एका बरणीत भरून पॅथॉलॉजीला गेला.

आई एकादशी करते. लहानपणी मीही धरायचो आणि दुपारपर्यंत मोडायचो, तेही साबुदाण्याच्या खिचडीची दोन ताटं खाऊन. ऑपरेशननंतरच्या पहिल्या आषाढीला मी दिवसभर ताक आणि एक खजूर एवढ्यावर होतो आणि संध्याकाळपर्यंत लक्षातही आलं नाही. आई कौतुकानं म्हणाली, "बघ, आता जमतंय की."

मला काय जमत होतं? गीतेच्या दुसऱ्या अध्यायात याच्याजवळ जाणारा विचार आहे: न खाणाऱ्यापासून विषय दूर जातात, पण त्यांची गोडी आत उरते, ती जायला फार मोठं काही दिसावं लागतं. माझ्या बाबतीत ती गोडी सर्जननं दोन तासांत काढली. मला मोठं काही दिसलं नव्हतं, ॲनेस्थेशिया होता. ॲरिस्टॉटलनंही दोन माणसं वेगळी केली आहेत. एकाला नको ती इच्छा होते आणि तो तिच्याशी झगडून जिंकतो. दुसऱ्याला ती इच्छाच होत नाही. ॲरिस्टॉटल दुसऱ्याला वरचा मान देतो. कॉलेजात कुठेतरी हे वाचलं होतं तेव्हा मला तो अन्याय वाटला होता. झगडणाऱ्याचे मार्क जास्त असायला हवेत. ऑपरेशननंतर मी एका रात्रीत पहिल्या गटातल्या हरलेल्या माणसाचा दुसऱ्या गटातला झालो. न झगडता. अर्थात ॲरिस्टॉटलचा माणूस तिथे सवयीनं, घडणीतून पोचलेला असतो, मी स्ट्रेचरवरून पोचलो. पण मग जे जन्मापासूनच लहान टीव्ही घेऊन आलेत, ते तरी कुठे चालत गेले? माझा मॅनेजर अर्ध्या पोळीवर हात धुतो आणि त्याला 'शिस्तीचा माणूस' म्हणतात. त्याची शिस्त मी नाकारत नाही. मला एवढंच कळत नाही की तिच्यातली किती त्याची आणि किती त्याच्या जठराची.

आता खोटं कुठे सुरू झालं ते. हॉस्पिटलच्या खोलीतच. मावशीचा फोन आला आणि आई म्हणाली, "अपेंडिक्सचं सांगते. उद्या लग्नाचं बघायचंय, ऑपरेशन म्हटलं की लोक काय काय समजतात." मी मान हलवली. मलाही तेच हवं होतं. मग वजन उतरायला लागल्यावर अपेंडिक्स पुरेना, म्हणून 'डाएट आणि चालणं'. जुलै 2024मध्ये ऑफिसात वेलनेस वीक होता. एचआरनं विचारलं, दहा मिनिटं बोलशील का? मी बोललो. सात स्लाइड्स. आधीचा फोटो, आताचा फोटो, माझं ताट: दोन अंडी किंवा पनीर, अर्धी पोळी, चार चमचे भात, भाजी. रोज आठ हजार पावलं. शेवटी मोठ्या अक्षरात 'कन्सिस्टन्सी'. टाळ्या पडल्या. गंमत म्हणजे प्रत्येक स्लाइड खरी होती. मी तेच खात होतो, तेवढंच चालत होतो.

तो व्हिडिओ मी आईला पाठवला, आईनं अभिमानानं ग्रुपवर टाकला, आणि सांगलीत एका मुलीनं त्या ताटाचा स्क्रीनशॉट घेतला.

लग्नाहून परत आल्यावर मी त्या ताटाच्या कॅलरी मोजल्या. दिवसाला नऊशेच्या आसपास. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, 1944-45मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी 36 तरुणांवर उपासमारीचा प्रयोग केला होता. (याच कीज यांनी पुढे 1972मध्ये 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव रूढ केलं, ज्याच्या 43 या आकड्यावर माझा क्लेम पास झाला.) युद्धाला नकार देणारे, स्वेच्छेनं आलेले, धडधाकट तरुण. चोवीस आठवडे त्यांना दिवसाला 1,600च्या आत कॅलरी दिल्या. ते खाण्याची स्वप्नं बघायला लागले, ताटं चाटायला लागले, पाककृतींची पुस्तकं वाचत बसायला लागले. त्यांना आठवड्याला 35 किलोमीटर चालावं लागायचं आणि ते पुरुष होते, तेव्हा तुलना सरळ होत नाही, मान्य. तरीही. त्या प्रयोगाला जगानं उपासमार म्हटलं. माझ्या बहिणीनं पूर्ण जठर आणि पूर्ण भूक घेऊन त्याहून कमीवर चार महिने काढले, आणि त्याला ती 'जिद्द नसणं' म्हणत होती.

मी स्वतःचा बचाव बराच केला. माझं शरीर, माझे रिपोर्ट, कोणाला सांगायचं हे मीच ठरवणार. हे मला आजही शंभर टक्के पटतं. कोणी वजन उतरलेलं दिसलं की 'काय केलंस?' विचारणं हा मुळात आगाऊपणा आहे आणि त्याला 'काही नाही' हे उत्तर पुरेसं आहे. पण 'काही नाही' म्हणणं वेगळं आणि सात स्लाइड्स करणं वेगळं. मी माहिती लपवली नव्हती. लपवलेल्या माहितीच्या जागी एक गोष्ट ठेवली होती, आणि त्या गोष्टीचा नायक होऊन टाळ्या घेतल्या होत्या.

आणि का, हे शोधत गेलो तेव्हा जे सापडलं ते जास्त वाईट होतं. आमच्या आजीचे गुडघे बदलले तेव्हा आख्ख्या गल्लीला सांगितलं. पेढे वाटले. 'शॉर्टकट मारला, मनावर घेतलं असतं तर तशाच चालल्या असत्या' असं कोणी म्हणालं नाही. मोतीबिंदू काढलेला माणूस जिद्दीनं बघायला लागलो असं सांगत नाही. मग मला का लाज वाटली? कारण माझाही त्याच नियमावर विश्वास होता: जाडी हा गुन्हा आहे आणि जिद्द ही त्याची शिक्षा, ती भोगूनच सुटायचं. सव्वीस वर्षं ज्या नियमानं मला छळलं, तो खोटा आहे असं मी कधी म्हणालोच नाही. मी त्या परीक्षेत फक्त कॉपी करून पास झालो होतो. आणि वर स्टेजवर जाऊन परीक्षा किती चांगली आहे हे सांगून आलो. ती बहीण ज्या नियमानं नापास झाली, त्याच्या खाली आता माझी सही होती.

आमच्या धंद्यात मध्यरात्री सर्व्हर पडला तर दुसऱ्या दिवशी 'ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम' लिहितात. कोणाची चूक हे नाही, काय घडलं आणि का. सुरुवातीला मला ते गुळमुळीत वाटायचं. नंतर कळलं की माणसाला दोष देऊन टाकला की शोध तिथेच थांबतो. 'निष्काळजीपणा' हे कारण नसतं, फाइल बंद करायचा शिक्का असतो. मी शेकडो असे रिपोर्ट वाचले असतील. स्वतःच्या शरीराच्या रिपोर्टवर मात्र 'जिद्द कमी' असं लिहून मी फाइल बंद करत आलो.

पुण्याच्याच एका गोष्टीची इथे आठवण होते. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला होता. शेजारी शेजारी उभे, दोघांचा बीएमआय तंतोतंत 22.3. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2. दोघंही बारीकच दिसतात. आकडा तोच, शरीरं वेगळी. मी तो फोटो कधी कधी उघडून बघतो. बाहेरून बघून कोण काय करतंय हे ठरवायची माझी स्वतःचीही खोड अजून गेलेली नाही. परवाच ट्रेनमध्ये एका जाड माणसाला दुसरा समोसा घेताना पाहिलं आणि मनात जे आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

याचा अर्थ सगळं जठराचंच, माझं काहीच नाही, असंही नाही. आइस्क्रीम आणि आमरस त्या नळीतून आरामात उतरतात. ठरवलं तर मी हे ऑपरेशन हरवू शकतो, अनेकांचं वजन परत येतं. वर्ष-सव्वा वर्षानं माझी भूकही थोडी परतली आहे. पूर्वीसारखी नाही, भिंतीपलीकडे कोणीतरी कुजबुजावं तशी. आता मी सकाळी चालायला जातो, तेव्हा कष्ट पडतात आणि ते माझे असतात. फक्त आता कष्ट केले की काही होतं. पूर्वीचे जास्त होते आणि काही होत नव्हतं. कुठल्या कष्टांचं श्रेय मोठं? लोकांनी टाळ्या आत्ताच्यांना दिल्या. मला विचाराल तर 2019च्या त्या मुलाला द्यायला हव्या होत्या, तेही वजन परत येत असताना.

आणि एक गमावलंही आहे, ते कोणाला सांगत नाही. दिवाळीच्या आधी आठवडाभर घरात चिवड्याचा वास सुटायचा, त्याची जी ओढ होती, ती गेली. आई 'अजून एक घे' म्हणते आणि मला खरंच नको असतं. तिच्या हातात ती पोळी तशीच राहते. तिचा आग्रह आणि माझी भूक यांचं एक नातं होतं; त्यातला एक जण गेला.

जूनमध्ये मी बहिणीला फोन केला आणि सगळं सांगितलं. (हे सगळं तिला विचारून लिहितोय.) ती बराच वेळ गप्प होती. मग पहिला प्रश्न, "खर्च किती आला?"

"साडेतीन लाख. बराचसा कंपनीच्या इन्शुरन्सनं दिला."

"आमच्याकडे तसला नाहीये," ती म्हणाली. मग, "मी तर तेवढी जाडही नाहीये. मला ऑपरेशन नकोच आहे. पण दादा, मी त्या चार महिन्यांत कॉलेजच्या ट्रिपला गेले नाही. तिथे खावं लागेल म्हणून."

मी सॉरी म्हणालो. ती म्हणाली, "त्या व्हिडिओत तू किती हसतोयस."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिनंच विचारलं, तो अजून आहे का. होता, ऑफिसच्या पोर्टलवर. दुसऱ्या दिवशी मी एचआरला मेल केला की तो काढून टाका. त्यांचं उत्तर आलं: सर्वाधिक पाहिला गेलेला सेशन आहे, काढायचं कारण कळवाल का? मी लिहिलं, 'त्यातली माहिती अपुरी आहे.' मग ते खोडून 'त्यातली माहिती खोटी आहे, सविस्तर भेटून सांगतो' असं लिहिलं, आणि पाठवलं.